सिडनीच्या ऑपेरागृहाचा अपुरा हिशेब

सार्वजनिक इमारतींचा इतिहास बहुधा कोनशिलेवरील नावांच्या आधारे लिहिला जातो. तो अंदाजपत्रकांच्या आधारे लिहावा, असे फारसे कोणास वाटत नाही. वस्तुतः एखाद्या शहराने आपले नाट्यगृह का बांधले, कोणाच्या पैशाने बांधले आणि बांधता बांधता कशावर पाणी सोडले, हे कोनशिलेपेक्षा अंदाजपत्रकच अधिक प्रामाणिकपणे सांगते. या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या ऑपेरागृहाइतके बोलके उदाहरण आधुनिक काळात शोधूनही सापडणे कठीण आहे.

हे ऑपेरागृह ३५ लाख ऑस्ट्रेलियन पौंडांत, म्हणजे १९६६ साली आलेल्या दशमान चलनाच्या भाषेत ७० लाख डॉलरांत, बांधून व्हावयाचे होते आणि त्यासाठी २६ जानेवारी १९६३ हा त्या देशाचा राष्ट्रीय दिन मुक्रर झाला होता. प्रत्यक्षात १० कोटी २० लाख डॉलर खर्ची पडले आणि उद्घाटनास २० ऑक्टोबर १९७३ हा दिवस उजाडला. खर्च चौदा पटींहून अधिक आणि विलंब पावणेअकरा वर्षांचा! याच इमारतीचा २००७ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. दिल्लीचा लाल किल्ला त्या यादीत आला तो त्याच वर्षी. सतराव्या शतकातील मोगल बादशहाच्या वास्तूशेजारी अवघ्या ३४ वर्षांच्या नाट्यगृहाचे नाव लागावे, ही घटना सामान्य नव्हे.

या कहाणीतून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात. कलाप्रेमी म्हणतात की, महान कृतीच्या बाबतीत खर्चाचा विचार करणे हाच कद्रूपणा होय. हिशेबनीस म्हणतात की, सरकारी काम आणि वारेमाप खर्च हे समीकरणच आहे. दोन्ही निष्कर्ष सोपे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. कारण चुकलेल्या अंदाजाची भरपाई सिडनीने केवळ पैशाने केली नाही. ती या इमारतीच्या मूळ हेतूतून करून घेतली गेली.

कामगार नेत्याचे स्वप्न

दुसऱ्या महायुद्धानंतर सिडनीत स्वतःचा वाद्यवृंद होता, श्रोते होते, पण हक्काची वास्तू नव्हती. मैफली भरत त्या नगरभवनाच्या सभागृहात. १९४७ साली वाद्यवृंदाचे संचालक आणि संगीत विद्यालयाचे प्रमुख म्हणून आलेल्या युजीन गूसन्स या इंग्रज संगीतकारांनी ऑपेरागृहाचा ध्यास घेतला. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. त्यात कथानक मुख्यतः गाण्यांतून पुढे सरकते आणि रंगमंचासमोरच्या खळग्यात बसलेला वाद्यवृंद गायकांना साथ करतो. त्यासाठी बंदरात घुसलेल्या बेनेलाँग पॉइंट या भूशिरावरील जागा गूसन्स यांनी हेरली. तेथे तेव्हा ट्रामगाड्यांचे आगार होते.

या कल्पनेस राजकीय आधार मिळाला तो न्यू साउथ वेल्स राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल यांचा. काहिल मजूर पक्षाचे. तरुणपणी त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात फिटरचे काम केलेले. असा माणूस ऑपेरासारख्या धनिकांच्या मानल्या गेलेल्या कलेसाठी सरकारी इमारत बांधावयास निघाला, याचे अनेकांना नवल वाटले. त्यांच्याच पक्षातील लोकांनी विचारले की, घरे, शाळा आणि रुग्णालये अपुरी असताना गाण्याबजावण्याची ही चैन कशासाठी? प्रश्न रास्त होता. उत्तम संगीत ही श्रीमंतांची मिरासदारी राहू नये, ही काहिल यांची भूमिकाही रास्तच होती. दोन रास्त गोष्टींमधील ही ओढाताण सरळ अर्थसंकल्पात सोडविली गेली असती, तर पुढील इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी २३३ आराखडे आले. २९ जानेवारी १९५७ रोजी योर्न उत्झॉन या ३८ वर्षांच्या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाचे नाव जाहीर झाले. त्यांची चित्रे म्हणजे जवळजवळ कच्ची रेखाटने होती. विशाल चौथऱ्यावर शिडांप्रमाणे फुगलेली शुभ्र कवचे, एवढेच त्यांतून डोळ्यांत भरत होते. ही कवचे उभी कशी राहतील, याचे गणित कोणीही केलेले नव्हते. तरीही परीक्षकांच्या अहवालात या आराखड्याचा एक गुण आवर्जून नोंदविला गेला. तो असा की, खर्चाच्या दृष्टीने हा आराखडा सर्वांत काटकसरीचा आहे! ज्या वस्तूची घडण ठाऊक नाही तिची किंमत इतक्या निःशंकपणे सांगितली जावी, यापरता विरोधाभास कोणता?

छत ठरण्यापूर्वी पाया

२ मार्च १९५९ रोजी बांधकामास प्रारंभ झाला. त्याच महिन्यात राज्याची निवडणूक होती. आराखडे पुरे झालेले नव्हते आणि छताचा आकार निश्चित नव्हता. परंतु सरकार बदलले तर योजना बासनात गुंडाळली जाईल, ही काहिल यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. एकदा पाया घातला की माघार घेणे कठीण, हा हिशेब सर्व देशांतील राजकारण्यांना अवगत असतो. निवडणूक काहिल यांनी जिंकली. मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढचा गुंता सोडविणे इतरांवर आले.

घाईचे परिणाम लवकरच दिसले. कवचांचा आकार पक्का होईपर्यंत चौथऱ्याचे खांब उभेही राहिले होते आणि ते नव्या छताचा भार पेलण्यास असमर्थ ठरले. त्यामुळे घातलेले खांब फोडून पुन्हा बांधावे लागले. दुसरीकडे उत्झॉन आणि ओव्ह अरूप यांच्या संस्थेतील अभियंते छताचे एकामागून एक पर्याय तपासत होते. १९६१ साली तोड निघाली. सर्व कवचे एकाच काल्पनिक गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढलेली मानावयाची. सुमारे ७५ मीटर त्रिज्येचा गोल एकदा निश्चित झाला की प्रत्येक तुकड्याची वक्रता सारखीच राहते. मग साचे करून काँक्रीटच्या फासळ्या आगाऊ ओतता येतात आणि फरशांचे पट्टे जमिनीवरच तयार करता येतात. स्वीडनमध्ये भाजलेल्या १०,५६,००६ फरशा या छतावर बसल्या. अभियांत्रिकी गणितासाठी संगणकाचा मोठ्या प्रमाणावर वापर झालेल्या पहिल्या काही इमारतींत हिची गणना होते.

ही तोड अप्रतिम होती, यात शंका नाही. परंतु ती बांधकाम सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी सापडली. शोधाला लागणारा वेळ अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता.

सोडतीचा पैसा

एवढा पैसा आला कोठून? कर वाढविल्यास लोक बिथरतील आणि इतर खात्यांची रक्कम वळविल्यास पक्ष बिथरेल, हे ओळखून काहिल सरकारने ऑपेरागृहासाठी खास सोडत सुरू केली. इनामाचा आकडा त्या काळास दिपवून टाकणारा होता: एक लाख पौंड. लोकांनी तिकिटे घेतली आणि घेतच राहिले. सार्वजनिक देणग्यांतून जमलेली रक्कम त्या मानाने अल्प होती. जवळजवळ संपूर्ण खर्च सोडतीनेच पेलला आणि उद्घाटनानंतर दोनच वर्षांत, १९७५ साली, कर्जाची शेवटची पैही फिटली.

वरवर पाहता यापेक्षा सुखाची व्यवस्था नाही. कोणावर सक्ती नाही आणि शाळा-रुग्णालयांच्या निधीस धक्काही नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावयास हवे. सोडत हा ऐच्छिक असला तरी एक प्रकारचा करच होय. या कराचा भार उत्पन्नाच्या प्रमाणात पडत नाही. तिकिटावर खर्च होणारे पैसे मिळकतीच्या मानाने गरिबाच्या खिशास अधिक जड जातात. ऑपेराच्या खुर्चीत बसणारा आणि सोडतीचे तिकीट घेणारा हे दोघे नेहमीच एक होते, असे मानण्यास आधार नाही. या पैशाची एक काळी बाजूही १९६० साली दिसली. विजेत्यांची नावे आणि पत्ते त्या वेळी वृत्तपत्रांतून छापले जात. ते वाचून एका विजेत्याच्या आठ वर्षांच्या मुलाला खंडणीसाठी पळविण्यात आले आणि त्याचा खून झाला. त्यानंतर विजेत्यांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली.

याहून सूक्ष्म परिणाम शिस्तीवर झाला. करदात्याच्या पैशाचा हिशेब विधिमंडळात द्यावा लागतो, कोणी तरी उठून जाब विचारतो आणि अंदाज का चुकला हे सांगावे लागते. सोडतीचा पैसा कोणाचाच नसल्यासारखा असतो. खर्च वाढला की आणखी एक सोडत काढावी, हा मार्ग मोकळा राहिला. त्यामुळे खर्च कमी करण्याचा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. तो विचारला गेला तेव्हा त्याचे स्वरूप हिशेबाचे उरले नव्हते, राजकारणाचे झाले होते.

उत्झॉन यांचे प्रस्थान

मे १९६५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची दीर्घकालीन सत्ता गेली आणि रॉबर्ट ॲस्किन यांचे सरकार आले. ऑपेरागृहाचा वाढता खर्च हा त्यांच्या प्रचाराचा एक मुद्दा होता. सार्वजनिक बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी कामाची सूत्रे आपल्या हाती घेतली, आराखड्यांचे तपशील मागितले आणि शुल्काचे हप्ते अडविले. अंतर्भागासाठी प्लायवूडचे नमुने तयार करून पाहण्यास उत्झॉन पैसे मागत होते, ते मिळेनात. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी काम सोडले. त्यांना परत बोलवावे म्हणून वास्तुशिल्पी, कलावंत आणि विद्यार्थी सिडनीच्या रस्त्यांवर उतरले, परंतु तडजोड झाली नाही. एप्रिलच्या अखेरीस उत्झॉन यांनी ऑस्ट्रेलिया सोडले. २००८ साली त्यांचे निधन झाले. मधल्या ४२ वर्षांत त्यांनी त्या देशात पुन्हा पाऊल ठेवले नाही आणि आपली पूर्ण झालेली इमारत डोळ्यांनी पाहिली नाही.

उधळ्या कलावंताला शिस्त लावली, असे तेव्हाच्या सरकारचे म्हणणे होते. आकडे मात्र वेगळे बोलतात. १९६६ सालच्या ऑक्टोबरपर्यंत झालेला एकूण खर्च होता २ कोटी २९ लाख डॉलर. म्हणजे अखेरच्या खर्चाच्या पाव हिश्शाहूनही कमी. उरलेले सुमारे आठ कोटी उत्झॉन गेल्यानंतरच्या सात वर्षांत खर्च झाले. न्यायाने पाहता अंतर्भागाचे काम स्वभावतःच महाग असते आणि त्या काळात मजुरी व साहित्याचे भावही चढले, हे मान्य केले पाहिजे. तरीसुद्धा शिस्तीने खर्च आटोक्यात आला, हा दावा टिकत नाही.

ऑपेराविना ऑपेरागृह

येथे या कहाणीचा गाभा येतो. मूळ योजनेनुसार मोठ्या सभागृहात ऑपेरा आणि वाद्यवृंदाची मैफल दोन्ही व्हावयाची होती. या दोहोंच्या गरजा परस्परांहून भिन्न. मैफलीला घुमणारा, रेंगाळणारा नाद हवा. ऑपेरात गायकाचे शब्द कळावयाचे तर नाद लवकर विरावा लागतो. शिवाय भूशिराची रुंदी बेताची असल्याने दोन सभागृहे शेजारी शेजारी बसविली होती आणि रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस नेपथ्य सरकवून ठेवण्यास जागा नव्हती. म्हणून उत्झॉन यांनी नेपथ्य तळघरातून यंत्राने वर आणण्याची योजना केली होती. ती यंत्रसामग्री येऊन बसविलीही गेली होती.

पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम हाती घेतले, तेव्हा ऑस्ट्रेलियन नभोवाणी मंडळाने, जे वाद्यवृंदाचे चालक होते, आपली अट पुढे केली. मोठे सभागृह मैफलीसाठीच हवे आणि आसनसंख्याही मोठी हवी. १९६७ साली सरकारने ती मान्य केली. बसविलेली रंगमंच-यंत्रे काढून टाकण्यात आली. मोठे सभागृह २,६७९ आसनांचे संगीतगृह झाले. ज्या कलेच्या नावाने इमारत उभी राहिली, ती कला नाटकासाठी योजिलेल्या लहान सभागृहात हलविण्यात आली. आसने १,५०७, रंगमंच आखूड आणि वाद्यवृंदाचा खळगा इतका अरुंद की मोठ्या रचनांना लागणारे सर्व वादक त्यात मावणे मुश्कील. २८ सप्टेंबर १९७३ रोजी पहिला ऑपेरा झाला तो याच लहान सभागृहात: प्रोकोफिएव्ह यांचा 'युद्ध आणि शांती'. एका महाकादंबरीवरील विशाल कृती दाटीवाटीने सादर व्हावी, हा योगायोग अर्थपूर्ण होता. संगीतगृहातील नादाविषयीही वादकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. मोठी दुरुस्ती होऊन ते पुन्हा खुले होण्यास २०२२ साल उजाडले.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ साली, म्हणजे सिडनीत यंत्रे उखडली जात होती त्याच वर्षी, 'लपविणाऱ्या हाता'चा सिद्धान्त मांडला. अडचणींची पूर्ण कल्पना आधी असती तर माणसांनी पुष्कळशी मोठी कामे हातीच घेतली नसती. ती अज्ञानाने अंगावर घेतात आणि मग संकटात सापडल्यावर त्यांची कल्पकता जागी होते. सिडनीच्या छतास हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. खरा आकडा १९५७ साली सांगितला असता तर ऑपेरागृहाची एक वीटही बसली नसती. परंतु अंतर्भागास तो लागू पडत नाही. तेथे अडचणी आल्या, पण कल्पकतेस लागणारा वेळ आणि विश्वास संपलेला होता. चुकीच्या अंदाजाने इमारतीला जन्म दिला आणि त्याच चुकीच्या अंदाजाने तिच्या निर्मात्याचा बळी घेऊन तिचा हेतू अर्धवट ठेवला. लपविणारा हात एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो, हे हर्शमन यांच्या मांडणीत पुरेसे येत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

मग हा व्यवहार तोट्याचा होता काय? तसेही म्हणता येणार नाही. नाट्यगृहाचे उत्पन्न केवळ तिकिटांच्या खिडकीवर मोजणे चूक आहे. ज्याने कधी एकही ऑपेरा ऐकला नाही असा सिडनीकर चौथऱ्याच्या पायऱ्यांवर फुकट बसतो, शहराचे चित्र म्हणून जगाला तीच शिडे दिसतात आणि परदेशी प्रवासी ती पाहावयास येतात. हा लाभ सार्वजनिक स्वरूपाचा आहे. तो कोणा एकाच्या खिशातून वसूल करता येत नाही, म्हणूनच त्याचा खर्च समाजाने करावयाचा असतो. १९६० साली अर्धवट बांधकामावर जमलेल्या मजुरांसमोर पॉल रोबसन यांनी गाणे म्हटले. त्या वास्तूत झालेले ते पहिले मोठे गायन. त्याला ना तिकीट होते, ना छत. काहिल यांच्या मनातील नाट्यगृह त्या दुपारी क्षणभर प्रत्यक्षात आले होते.

उत्झॉन यांना न्यायही मिळाला, पण उशिरा. १९९९ साली ऑपेरागृहाच्या भावी बदलांसाठी त्यांच्याशी पुन्हा करार झाला. त्यांनी आपली तत्त्वे लिहून दिली आणि २००४ साली त्यांनी नव्याने घडविलेल्या दालनास त्यांचे नाव देण्यात आले. २००३ साली त्यांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तथापि त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे परत मिळाली नाहीत. सिडनीनंतर तेवढ्या विस्ताराचे काम त्यांच्या वाट्याला क्वचितच आले. न बांधल्या गेलेल्या इमारतींची किंमत कोणत्याही जमाखर्चात धरली जात नाही, परंतु ती समाजाला मोजावी लागतेच.

याशिवाय एक खर्च असा की जो इमारत पुरी झाल्यावर सुरू होतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रांमुळे दर माणशी उत्पादन वाढते, पण रंगमंचावर वाढत नाही. मोझार्टच्या ऑपेराला १७९१ साली जेवढे गायक-वादक लागत तेवढेच आजही लागतात. त्यांचे वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढत राहते. त्यामुळे प्रयोगांची तूट हा गैरव्यवस्थेचा पुरावा नसून या कलेचा स्थायीभाव आहे. इमारत एकदा सोडतीच्या पैशाने उभी करता येईल, पण तीत दररोज दिवा लावण्याचा आणि पडदा उघडण्याचा खर्च कायमचा असतो. तो कोण देणार, हे प्रारंभीच ठरवावे लागते.

कोणत्याही नगरपालिकेच्या सभागृहात नाट्यगृहाचा ठराव येतो, तेव्हा चर्चा होते ती दर्शनी भागाची, आसनसंख्येची आणि नावाची. सिडनीचा धडा असा की, त्या चर्चेआधी तीन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. या वास्तूत नेमके काय व्हावयाचे आहे, आराखडा पुरा झाल्यावरचा खरा खर्च किती, आणि उद्घाटनानंतर दरवर्षीची तूट कोण भरणार? हे प्रश्न विचारणारा सभासद कलेचा शत्रू ठरविला जातो. प्रत्यक्षात तोच तिचा खरा हितकर्ता असतो. सिडनीत ते १९५७ साली विचारले गेले असते तर कदाचित इमारत उभी राहिली नसती, असे म्हणतात. परंतु ते कधी तरी विचारावेच लागले, आणि लागले ते १९६६ साली, सर्वांत महाग वेळी. त्याचे उत्तर आजही त्या इमारतीत पाहावयास मिळते. मोठ्या शिडाखाली मैफल चालू असते आणि ज्याच्यासाठी घर बांधले तो ऑपेरा धाकट्या शिडाखाली अंग चोरून उभा असतो.